वरच्या मजल्यावरचा कुर्रम

जिना अर्धा चढून झाला होता. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली, दम थोडा लागलेला, आणि वरून आवाज आला. कुर्रम. बस, एवढाच. दुसरा कुणी असता तर त्याच्या कानापर्यंत पोचलाही नसता. इमारतीत दिवसभर काय कमी आवाज असतात? नळ, दारं, कुणाची पोरं, कुणाचा टीव्ही. पण आचारी जिथल्या तिथं थांबला, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. कारण तो आवाज त्याच्या बायकोचा होता. म्हणजे ती बोलली नव्हती, हसली नव्हती, खोकलीही नव्हती. तिनं काहीतरी चावलं होतं. लोक आपल्या माणसाला चालीवरून ओळखतात, हा गडी बायकोला चावण्यावरून ओळखायचा. आधी पुढच्या दातांनी एक बारीक टक, मग घास आत सरकवून तो मोठा कुर्रम, आणि मग थोडा वेळ काहीच नाही, कारण तेवढ्या वेळात ती डोळे मिटून घ्यायची. आत्ताही तसंच झालं. टक, कुर्रम, आणि गप्प. आवाज वरच्या मजल्यावरून आला होता, शिंप्याच्या उघड्या दारातून. मागोमाग शिंप्याचा आवाज आला, "काय वहिनी, जमलं का?" आणि ती म्हणाली, "अहाहा."

अहाहा! वर्ष झालं आचाऱ्यानं हा शब्द ऐकला नव्हता. वर जाऊन बघावं, एवढं सरळ होतं. चार पायऱ्या जास्त, दारात उभं राहायचं, म्हणायचं, काय चाललंय? पण पाय वर गेले नाहीत. त्यानं आपलं दार उघडलं, पिशवी ओट्यावर ठेवली, तिच्यातून झुकिनी काढल्या, धुतल्या, चकत्या केल्या आणि चाळणीत घालून वाफेवर ठेवल्या. हात आपोआप चालत होते, कान मात्र छताला चिकटलेले. वर शिंप्याचं शिवणयंत्र असायचं, बरोबर यांच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर. दिवसभर ते खडखडत असायचं आणि आचाऱ्याला त्याचा कधी त्रास झाला नव्हता. आज त्याला उलटंच कळलं. त्रास यंत्र चालण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. यंत्र चालू आहे म्हणजे शिंपी कामात आहे, मान खाली, तोंडात टाचण्या. यंत्र थांबलं म्हणजे शिंप्याचे हात मोकळे, तोंड मोकळं. आत्ता ते थांबलेलं होतं. वाफ चाळणीच्या झाकणाला लागून थेंब थेंब खाली पडत होती आणि आचारी मनातल्या मनात म्हणत होता, चालू कर रे बाबा, शिव काहीतरी, कुणाची तरी बाही शिव.

ती खाली आली तेव्हा तिच्या कॉलरवर ब्रेडचा चुरा होता. सोनेरी, भाजलेला. तिनं हात धुतले, टेबलाशी बसली, म्हणाली, "फारशी भूक नाही हो." त्यानं ताट पुढं केलं. वाफवलेल्या चकत्या, कडेला थोडं मीठ, थोडी मिरी. ती खाऊ लागली आणि तो समोर बसून बघू लागला, रोज बघायचा तसा. तिच्या तोंडातून काही म्हणजे काही आवाज येत नव्हता. चकती जिभेवर ठेवायची की ती आपली आपण विरघळायची, ओल्या कागदासारखी. तिनं तक्रार केली नाही. कधीच केली नव्हती. "कुठं गेली होतीस?" त्यानं विचारलं. "वर. मास्तरांकडे. शर्टाचं बटण." तिच्या शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी होती, आणि तो कॉलरवरचा चुरा जेवण होईपर्यंत तिथंच बसून आचाऱ्याकडे बघत होता.

आता या माणसाचं दुखणं कळायला तुम्हाला साबणाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये जावं लागेल. तिथं हा तळणावर होता, तरुण, दंडानं मजबूत, कढईपुढं सकाळपासून उभा. सगळे त्याला झारेबुवा म्हणायचे, कारण झारा त्याच्या हातातून सुटायचाच नाही. बोलतानाही तो झाऱ्यानं खुणा करायचा. त्याची एक गंमत होती. तो कढईकडे बघायचा नाही. पाठ करून गप्पा मारायचा, कुणाची थट्टा करायचा, आणि मध्येच वळून घाणा उचलायचा, आणि घाणा बरोबर झालेला असायचा. लोकांना वाटायचं जादू आहे. जादू कसली! ओली वस्तू तेलात पडली की कल्ला करते. पाणी जात जातं तसा कल्ला बारीक होतो. आणि एक क्षण असा येतो की तेल कुजबुजायला लागतं, तेव्हा उचलायचं. तो ऐकायचा, बस. असाच एका दिवशी मॅनेजरनं स्वस्तात पोतीच्या पोती झुकिनी आणून टाकली आणि कुणाला कळेना या पाणचट काकडीच्या बहिणीचं करायचं काय. झारेबुवानं तिच्या चकत्या केल्या, पिठात बुडवल्या आणि सोडल्या तेलात. पॅकिंग खात्यातली एक मुलगी पुढं आली. दिवसभर साबण गुंडाळून तिच्या बोटांना फुलांचा वास यायचा. तिनं काऊंटरवरूनच एक चकती उचलली, चटका बसला तरी सोडली नाही, आणि टक, कुर्रम, आणि डोळे मिटले. झारेबुवा आयुष्यात पहिल्यांदा कढईचा आवाज ऐकायला विसरला. तो घाणा करपला. मॅनेजर ओरडला. ती डोळे उघडून म्हणाली, "अहाहा. अजून आहेत?" तिचं तोंड बघून त्याला वाटलं होतं, आपल्याला आता दुसरी नोकरी लागली, जन्मभराची.

आणि केलीही त्यानं ती नोकरी, इमानानं. घरी आला की पुन्हा कढई. तिला म्हणायचा, तू बस, तू दिवसभर उभी असतेस. ती बसायची. पहिल्यापहिल्यांदा उठून म्हणायची, मी एक घाणा टाकून बघू? तर हा झारा उंच धरायचा, लहान मुलाच्या हाताला येऊ नये म्हणून धरतात तसा, आणि हसायचा. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, कारखान्यानं कँटीन बंद करून खोक्यातलं जेवण मागवायला सुरुवात केली, झारेबुवाला घरी बसवलं. पण घरची कढई चालू होती. आणि मग मागच्या वर्षी तळण चालू असतानाच ती टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, हात जड झालाय." कढईत चकत्या कल्ला करत होत्या. त्यानं पाठ न वळवताच विचारलं, "दमलीस?" ती काही बोलली नाही. तो ऐकत होता कढईचं, तिचं नाही. पुढचं सगळं त्याला तुकड्या-तुकड्यात आठवायचं. दवाखान्याच्या गाडीचा भोंगा. ढकलखुर्चीचं एक चाक करकरणारं. डॉक्टरीणबाई, गोड बोलणारी, पेन टेबलावर आपटत म्हणालेली, "तेल आता विषासारखं समजा, काका. नळ्या भरल्यात त्यांच्या." नळ्या भरल्यात. कुणी भरल्या? डॉक्टरीणबाईनं तसं काही म्हटलं नव्हतं, पण त्यानं ते ऐकलं. घरी आला आणि कढई घासली, पुसली, कागदात गुंडाळली आणि पलंगाखाली सरकवली. त्या दिवसापासून वाफ.

मुलीनं एक खोकं पाठवलं होतं. फोनवर म्हणाली, "बाबा, एअर फ्रायर आहे, बिनतेलाचं तळता येतं. आईला कुरकुरीत आवडतं ना?" त्यानं खोकं उघडून बघितलं. काळी, गुळगुळीत पेटी, हेल्मेटसारखी, पोटात एक भोकाभोकांचा खण आणि डोक्यात पंखा. "वाऱ्यावर तळतात?" तो फोनवर म्हणाला, "मग उद्या पाण्यावर भाजा." मुलगी हसली, तो हसला नाही. खोकं माळ्यावर गेलं. बायको तेव्हा पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिनं खोकं वर जाताना बघितलं होतं. काही म्हणाली नव्हती. त्याला वाटलं, तिलाही पटलं. हे असं असतं बघा, समोरचं माणूस गप्प बसलं की आपण त्याच्या तोंडात आपलेच शब्द घालून मोकळे होतो.

पुढचे काही दिवस आचाऱ्यानं छताखाली काढले. सकाळी शिवणयंत्र खडखडायचं, तो भांडी लावायचा. दुपारी कधीतरी यंत्र थांबायचं आणि त्याच वेळी बायकोला वर काहीतरी काम निघायचं. बटण, चेन, पडद्याची शिवण. ती गेली की वर खुर्ची सरकायची. मग सूं सूं असा एक आवाज सुरू व्हायचा, लांबून येणाऱ्या वाऱ्यासारखा, बराच वेळ. मग टिंग. वरही तसलीच वाऱ्यावर तळायची पेटी असणार, हे त्याला उमगलं. मग तो टक आणि तो कुर्रम. मधूनच दोघांचं हसणं. त्याला शब्द ऐकू येत नसत, नुसता हसण्याचा आकार कळायचा. एकदा तो स्टुलावर चढला. खरंच चढला, या वयात, गुडघे कुरकुरत असताना, आणि कान छताला लावला. छताचा चुना कानात गेला. वर शिंपी म्हणत होता, "वहिनी, तुम्ही बसा हो, मी करतो," आणि ती म्हणाली, "तुम्ही बसा." एवढंच. पण ते ऐकून आचारी स्टुलावरून खाली उतरायचंच विसरला. शिंपी म्हणजे होतं तरी काय हो? वाळलेला माणूस, गळ्यात टेप, तोंडात कवळी, बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली. याच्यावर कुणी जळावं असं त्याच्यात काहीही नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं. देखणा असता, पैसेवाला असता, तर माणूस निदान समजून तरी जातो. हा नुसता एक प्लग लावतो आणि माझी अहाहा घेऊन जातो. रस्त्यानं जातानाही त्याला तेच दिसू लागलं. दुकानात पेटी दिसायची, कुणाच्या खिडकीत पेटी दिसायची. बसच्या थांब्यावर एक मुलगी बिस्कीट खात होती, कुर्रम, आणि त्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती दोन पावलं बाजूला सरकली.

शेवटी त्यानं एक पँट उचलली आणि यंत्र थांबल्या-थांबल्या वर गेला. दार उघडंच होतं. खोलीभर कापडाचा आणि भाजलेल्या ब्रेडचा वास. कापायच्या टेबलावर एका बाजूला कात्र्या, खडू, कोटाची अर्धी पाठ, आणि दुसऱ्या बाजूला ती पेटी, माळ्यावरचीच सख्खी बहीण. आणि खिडकीशी त्याची बायको, चपला काढून, पाय एका गाठोड्यावर लांब करून बसलेली, मांडीवर ताटली. तिनं त्याला बघितलं आणि पाय खाली घेतले. शिंप्यापुढं वर होते ते पाय, नवरा आल्यावर खाली गेले. त्याच्या मनात ते टाचणीसारखं रुतलं.

"या या झारेबुवा!" शिंपी म्हणाला. "आज वाट चुकलात?"

"पँट आणलीय. आखूड करायचीय."

शिंप्यानं पँट उलगडली, उजेडात धरली, शिवण चाचपली. "ही मीच केलीय की गेल्या हिवाळ्यात. बरोबर मापाची आहे."

"मग मी आखूड झालो असेन."

बायको फिस्सकन हसली. शिंपीही हसला, कवळी जागेवर सरकवत. "उभे राहा, बघू. आखूड नाही, रुंद झालायत तेवढे. घ्या, चकती घ्या. आत्ताच काढल्यात."

त्यानं घेतली. घ्यायची नव्हती, पण घेतली. तळणातला माणूस, समोर ताजी वस्तू आली की बोटं आपोआप जातात. त्यानं ती आधी कानाजवळ मोडली, खाण्याच्या आधी. मोडली ती कट असा आवाज करून. मग चावली. वर कोरडं, खरपूस, आत मऊ, गोडसर, पाणी नाही. त्याला ती वाईट लागायला हवी होती. सगळा जीव एकवटून तो तिच्यात खोट शोधत होता आणि खोट सापडत नव्हती. "बरी आहे," तो म्हणाला. "मीठ कमी आहे."

"मीठ वहिनींना कमीच सांगितलंय ना," शिंपी म्हणाला. "आणि बोलणी खायची तर त्यांनीच. मी नुसता प्लग लावतो."

"तू केल्यास?"

"मी," ती म्हणाली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, पण मान ताठ होती. "पहिल्या दोन वेळा लगदा झाला. मास्तरांनी बिचाऱ्यांनी तोही खाल्ला."

"खाल्ला म्हणजे? प्यायलो," शिंपी म्हणाला, आणि दोघं पुन्हा हसली, आणि आचाऱ्याला दिसलं की या हसण्यात आपल्याला बसायला जागा नाही. तिचा लगदा दुसऱ्यानं खाल्ला होता. तिला करपवायला, बिघडवायला, पुन्हा करून बघायला दुसऱ्याचं घर लागलं होतं. तो पँट तिथंच विसरून खाली आला.

ती मागोमाग आली. दार लावलं, टेबलाशी बसली. त्यानं वाफेचं भांडं काढलं, नुसतंच, आत घालायला काही नव्हतं.

"रोज जातेस?"

"रोज नाही. त्यांना घाई नसते तेव्हा."

"यंत्र थांबतं तेव्हा."

"तुम्ही यंत्र ऐकत बसता?" तिनं एकदा छताकडे बघितलं. मग म्हणाली, "तरीच तुमच्या केसात चुना होता."

तो भांडं पुसत राहिला. ते पुसलेलंच होतं.

"एवढं काय आहे तिथं?" त्यानं विचारलं. आवाज चढवायचा होता, पण निघाला तो लहान मुलाचा. "पेटी तर आपल्याकडेही आहे."

"माळ्यावर आहे."

"म्हणजे त्या पेटीसाठी जातेस?"

"नाही." ती टेबलावरचा एक डाग नखानं खरवडत होती. "तिथं माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही. मी घास घेतला की तुम्ही असं बघता जसं काही मी आत्ता खाली पडणार. घास गिळला की तुमचा जीव भांड्यात पडतो, मला दिसतं ते. वर्षभर मी जेवत नाहीये हो. तपासणी देतेय. मास्तर त्यांच्या कॉलरी कापत असतात, मला म्हणतात, वहिनी, जरा ती कात्री द्या. मी देते. तिथं मी आजारी नसते."

आचाऱ्याला यावर बरंच काही म्हणायचं होतं. म्हणायचं होतं की कढई कल्ला करत होती म्हणून तू गप्प झालीस ते मला ऐकू आलं नाही. म्हणायचं होतं की मी तोंडाकडे बघत नाही, मी हाताकडे बघतो, जड होतोय का ते. पण असलं काही त्याच्या तोंडून यायचं नाही. तो म्हणाला, "ब्रेडचा चुरा वापरतेस ना? पिठात बुडवून बघ, जास्त चांगलं लागेल." ती उठून आत गेली.

आणि दुसऱ्याच दिवशी, ती डॉक्टरीणबाईकडे गेली असताना (त्याला बरोबर येऊ नका म्हणाली होती, हेही पहिल्यांदाच), आचाऱ्यानं स्टूल लावलं आणि पेटी माळ्यावरून खाली काढली. मनात एकच होतं. असा घाणा काढतो की वरच्याची पेटी लाजून बंद पडली पाहिजे. आणि इथंच चुकला. आयुष्यभर जे हातानं केलं तेच केलं. झुकिनीच्या चकत्या केल्या, मीठ लावलं, पीठ सरसरीत भिजवलं, कँटीनमध्ये भिजवायचा तसंच, आणि चकत्या त्यात बुडवून बुडवून त्या भोकांच्या खणात भरल्या. भरल्या म्हणजे ठासल्या. कढईत घाणा भरून टाकायचा ही सवय, मोकळी जागा दिसली की त्याला नुकसान वाटायचं. पेटी लावली. सूं सूं सुरू झालं. आणि हा कान देऊन उभा राहिला. कल्ला येईना. कुजबूज येईना. नुसता पंखा, एकसुरी, मख्ख. त्यानं खण उघडून बघितलं. पांढरं. लावला. पुन्हा उघडला. पांढरंच. प्रत्येक वेळी आतली ऊब त्याच्या तोंडावर येऊन निघून जात होती. खाली भोकांतून पीठ गळत होतं, आणि ते तळाला चिकटून करपायला लागलं, वर मात्र चकत्या घाम आलेल्या माणसासारख्या ओल्या. मग धूर आला. आधी थोडा, मग भरपूर. तो पेटीपुढं उभा राहून म्हणाला, "बोल की गं, काहीतरी बोल!" खरंच म्हणाला, मोठ्यानं.

शिंपी धावत आला, गळ्यात टेप, हातात पाण्याची बादली. "झारेबुवा! धूर कसला?" त्यानं प्लग ओढला, खिडकी उघडली, खणात डोकावला, आणि मोठ्या मनाचा माणूस म्हणून हसला नाही. तेच जास्त झोंबलं. आणि त्याच वेळी दारात ती. औषधांची पिशवी हातात, धुरातून दोघांकडे बघत. आचाऱ्याच्या हाताला कोपरापर्यंत पीठ होतं. माळ्याचं दार उघडं होतं, स्टूल खाली होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं, लपवायला काही उरलंच नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही जा. बादली ठेवा."

शिंपी गेला. ती बसली, पिशवी बाजूला ठेवली, खिडकीतून धूर जाईपर्यंत थांबली. तो तळाचं पीठ खरवडत राहिला, पाठ करून. त्याला वाटलं, आता ती हसेल. मग वाटलं, हसली तरी चालेल. ती म्हणाली, "अजून झुकिनी आहेत?"

"दोन आहेत."

"बोटाएवढ्या जाड कापा. त्याहून पातळ नको."

त्यानं कापल्या. तो आचारी, आणि ती टेबलाशी बसून सांगतेय. सुरी मात्र चालली. "मीठ लावून ठेवा. पाणी सुटू दे." सुटलं. "आता पुसा. दाबून पुसा, फडक्यानं. पाण्यामुळंच सगळं मऊ पडतं." अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून, कोरड्या चुऱ्यात घोळवून त्यानं एकेक ठेवली. मग ती म्हणाली, "चमचाभर तेल. ब्रशनं फिरवा वरून."

त्याचा हात थांबला. "तेल?"

"विचारलंय मी डॉक्टरीणबाईंना. चमचाभर चालतं. कधीचंच चालतं."

"कधी विचारलंस?"

"दवाखान्यात तुम्ही खाली औषधं घ्यायला गेला होतात तेव्हा. तुमच्यासमोर विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, मग त्याही नाही म्हणाल्या असत्या."

त्यानं तेल फिरवलं. खणात चकत्या मांडल्या आणि मोकळी जागा दिसली तशी वर आणखी दोन ठेवायला गेला. "अहो," ती म्हणाली. त्यानं त्या काढल्या. एकीला दुसरी चिकटू द्यायची नाही, वारा मधून फिरला पाहिजे. पेटी सुरू झाली आणि हा सवयीनं कान झाकणाला लावून उभा राहिला.

"काय ऐकताय?"

"काही ऐकूच येत नाही."

"नाही येत. येऊन बसा. टिंग झालं की उठा, एकदा उलटा, परत बसा."

तो बसला. काहीतरी शिजत असताना बसून राहणं त्याच्या जन्मात नव्हतं. हात टेबलावर ठेवले, मांडीवर ठेवले, पुन्हा टेबलावर. तिनं औषधांच्या गोळ्या डबीत भरल्या. टिंग झालं, तो उठला, चकत्या उलटल्या, एका बाजूला रंग आला होता, फिकट तांबूस. परत बसला. दुसरं टिंग झाल्यावर ताटली तिच्यापुढं ठेवली आणि रोजच्यासारखा समोर बसायला खुर्ची ओढली. ओढली आणि सोडली. खिडकीशी गेला. पाठ करून उभा राहिला. खाली एक माणूस सायकलची चेन लावत होता, हात काळे, पुन्हा पुन्हा निसटत होती. आचाऱ्यानं नजर त्या चेनवर रोवली. टक. चेन लागली. कुर्रम. आणि मग काहीच नाही. त्या काहीच-नाहीत तो जणू वर्षभर उभा होता, वळायचं नाही, वळायचं नाही म्हणत. तिच्या हाताकडेसुद्धा बघायचं नाही.

अहाहा ती म्हणाली नाही. म्हणाली, "चुरा एका बाजूला जास्त लागलाय." मग आणखी एक चावली. मग आणखी एक.

मग खुर्ची सरकली. तो वळला तेव्हा ती दुसऱ्या ताटलीत चार-पाच चकत्या काढत होती, चांगल्या रंगाच्या निवडून. "मास्तरांना देऊन येते," ती म्हणाली. "बादली घेऊन आले बिचारे. आणि त्यांचा लगदा खायचा हिशेब मिटला पाहिजे."

आचाऱ्याचं जळणं काही गेलं नव्हतं, सगळं जिथल्या तिथं होतं. माझ्या हातच्या, पहिल्या जमलेल्या, आणि त्यातल्या चांगल्या चांगल्या त्या कवळीवाल्याला. तो म्हणणार होता, असू दे, मीच देतो नेऊन. म्हणणार होता, त्याच्याकडे आहे की त्याची पेटी. ती ताटलीवर झाकण ठेवत होती, आणि त्याच्या तोंडून भलतंच आलं.

"झाकू नकोस. वाफ धरेल, मऊ पडतील."

तिनं झाकण बाजूला ठेवलं. त्याच्याकडे एकदा बघितलं, म्हणाली, "तुमची पँट आणू का परत?" आणि गेली. जिन्यावर तिची पावलं, सावकाश, एका पायरीला थांबून. आज ती थांबल्यावर तो दारात धावला नाही.

उरलेल्या कच्च्या चकत्या त्यानं खणात मांडल्या, मधे जागा सोडून, आणि पेटी लावली. सूं सूं सुरू झालं. वर खुर्ची सरकली, आणि मग पुढचं काही कळेना. पंख्यात सगळं बुडालं. त्याचा हात प्लगकडे गेला. थोडाच वेळ बंद करायचा, दोन श्वास, एक कुर्रम ऐकू आला की पुन्हा चालू. पण मधेच वारा थांबला की चकत्या पाणी सोडणार, बसणार, आणि ती खाली येऊन हा घाणा खाणार होती. हात प्लगवर तसाच राहिला. पोटात दुखायचं ते दुखतच होतं. वर ती काय म्हणत होती, कोण हसत होतं, चपला काढून तिनं पाय कुठं ठेवले होते, काय माहीत. त्यानं हात मागं घेतला, खुर्ची ओढली आणि बसला. पंखा घुमत राहिला, आणि वरचा एक आवाजही त्याला ऐकू आला नाही.